घरात कोणी नव्हते

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी सात चाळीसला मावशींचा फोन. मावशी म्हणजे नानांना सांभाळायला येणारी बाई, आणि नाना म्हणजे माझे वडील. "साहेब, घर फुटलंय. लवकर या." आज संध्याकाळी परत निघायचेच होते, ते सकाळीच निघालो. नऊ रात्री समुद्रकाठी, बावीस वर्षांतली पहिली सुट्टी, आणि शेवट हा.

दोन दहाला घरी पोचलो. हवालदार यायच्या आधी पाहणी मी स्वतः करून घेतली, कारण हे लोक वस्तू हलवतात. न्हाणीघराच्या खिडकीच्या पाच काचपट्ट्या काढून, एकावर एक रचून, भिंतीशी ठेवलेल्या. एकही तडकलेली नाही. ज्याने काढल्या त्याच्या हातात सफाई आहे, एवढे मी कारागीर म्हणून मान्य करतो. कपाट उघडे. हिची सोन्याची साखळी, चार बांगड्या, माझा कॅमेरा, रेडिओ आणि डब्यातले सुटे पैसे गेले.

काचेच्या पेटीतला माझा तराजू मात्र जागच्या जागी. एका केसाचे वजन दाखवतो तो. बंद पडलेल्या कारखान्यातून भंगार म्हणून आणला आणि अकरा महिने खपून जिवंत केला. पेटीवरची धूळसुद्धा हललेली नाही. रेडिओ नेतो आणि हा ठेवतो! घरातली सर्वात मौल्यवान वस्तू ओळखायलाही काही लायकी लागते.

नाना त्यांच्या खोलीत. ठीक.

हवालदाराने कागद काढून विचारले, "चोरी झाली तेव्हा घरात कोण होतं?"

"कोणी नव्हते," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे पाहिले. हवालदाराने लिहिले, मी सही केली. नंतर स्वयंपाकघरात ही म्हणाली, "अहो, नाना होते ना." आता त्या प्रश्नाचा अर्थ काय? चोराला अडवू शकेल असे कोणी होते का, हाच. पाच वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर नानांचा डावा हात कोपराखाली हलतो, बाकी काही हलत नाही, वाचा गेलेली. त्या अर्थाने कोणी नव्हतेच. मी नेमके उत्तर दिले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

विम्यासाठी नोंदी करत बसलो. काही गोष्टी जुळत नाहीत, त्या इथे लिहून ठेवतो.

आमच्या मागे मावशी सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला येऊन नानांचे सगळे करून, बाहेरून कुलूप लावून जायच्या. म्हणजे मधली अंतरे अकरा आणि तेरा तासांची. हे मी डोळे झाकून ठरवलेले नव्हते. जाण्याआधी तीन रात्री नानांच्या खोलीत अजिबात न जाता पाहिले होते. तिन्ही सकाळी ते फक्त ओले होते, बाकी काही झाले नव्हते. तेरा तास चालतात हे सिद्ध करूनच गेलो होतो.

काल मावशी आत आल्या तेव्हा नानांची दाढी केलेली होती. मावशी म्हणतात, "मी नाही हो केली, मला वस्तऱ्याची भीती वाटते." माझे एक नवे ब्लेड वापरलेले आहे. अर्जात लिहीन. पलंग फिरवून खिडकीकडे तोंड केलेला, फरशीवर चार चरे, सर्वात लांब बावीस सेंटीमीटर. तेही अर्जात. पलंग मी पुन्हा भिंतीकडे केला, कारण खिडकीकडे ठेवला तर दार पूर्ण उघडत नाही.

झटक्यानंतर नानांना पलंगाच्या लोखंडी कठड्यावर नख आपटण्याची खोड लागली आहे. टक, टक, टकटक, दिवसभर. वजनकाटे जुळवायचे माझे काम शांततेत होते, म्हणून मागच्या महिन्यात मी कठड्याला जुना टॉवेल सुतळीने बांधून टाकला. तो सोडून, घडी करून पायथ्याशी ठेवलेला सापडला. मावशी म्हणतात मी नाही सोडला. मग कोणी? पुन्हा बांधला.

जाताना मोजून ठेवलेली केळी असायला हवी होती सहा. होते शून्य. विजेच्या मीटरचा आकडा मी जाताना लिहून गेलो होतो, तोही जास्त दाखवतो.

आणि मावशी सहज बोलून गेल्या, "गुरुवारपासून तर नाना सकाळी कोरडे असायचे बघा. चादर धुवावीच लागली नाही." म्हणजे त्यांना रोखता येते! आम्ही असतो तेव्हाच होते ते. पाच वर्षे ही चादरी धुते आहे. माणूस झोपल्या जागेवरूनही त्रास देऊ शकतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून अर्ज वाचत वाचत म्हणाला, "शिक्षणाच्या रकान्यात 'स्वयंशिक्षित' काय लिहिलंय? असं काही नसतं. आठवी नापास लिहा."

"मी नापास झालो नाही. मला काढले."

"कुणी?"

"हेडमास्तरांनी."

ते हेडमास्तर नाना होते हे मी त्याला सांगितले नाही. भर वर्गात म्हणाले होते, "याच्या डोक्यात भुसा आहे, हातात पाना द्या." पाना मी घेतला. शब्दकोश उशाशी घेऊन परदेशी काट्यांची माहितीपुस्तके वाचली. आज तीन बाजारपेठांतला एकही दुकानदार माझ्या सहीशिवाय काटा वापरत नाही. रकान्यात 'स्वयंशिक्षित' तसेच ठेवले.

मग त्याने कलम सातवर बोट ठेवले. 'विमाधारक किंवा त्याच्या कुटुंबातील समज असलेली प्रौढ व्यक्ती सलग सात रात्रींहून अधिक काळ घरात वास्तव्यास नसल्यास, त्या काळातील कोणत्याही चोरीची भरपाई देय नाही.'

"किती रात्री नव्हता?"

"नऊ."

"मग संपलं की हो!" तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हात केला. पंधरा वर्षे हप्ते भरले, एकदाही उशीर नाही. मी पॉलिसी तीनदा वाचली होती. कलम सात माझ्या नजरेतून कसे सुटले, हेच मला खाते आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सापडले! नाना होते!

नाना कुटुंबातले आहेत, प्रौढ आहेत, नऊच्या नऊ रात्री घरात झोपले आहेत. घर एक रात्रही रिकामे नव्हते. कचेरी उघडायच्या आधी दारात उभा होतो. पुरवणी अर्ज दिला: 'वडील संपूर्ण काळ वास्तव्यास होते.' कारकुनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भुसा असलेल्या डोक्याला हे सुचत नसते.

हिला सांगितले. ही भांडी घासत होती. म्हणाली, "बरं झालं, आठवले तुम्हाला."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पाहणी करणाऱ्या बाई आल्या. पस्तिशीच्या, पायात पळायचे बूट, आणि मला पहिल्या वाक्यापासून 'काका'. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

"काका, पोलिसांच्या कागदावर तुमच्या सहीनं लिहिलंय, घरात कोणी नव्हतं. कंपनीच्या कागदावर तुमच्याच सहीनं लिहिलंय, वडील होते. खरं कुठलं?"

"दोन्ही."

त्या हसल्या. नाइलाजाने मी माझी वही दाखवली. मीटरचे आकडे, केळी, ब्लेड, टॉवेल, चरे, सगळे तारीखवार. मला वाटले, नोंदी पाहून बाईंना कळेल की गाठ कोणाशी आहे. त्या वाचत गेल्या, मध्येच मावशींना काहीबाही विचारत गेल्या, आणि मग वही मिटून माझ्याकडे वळल्या.

"काका, हा माणूस एका रात्रीत येऊन गेलेला नाही. बुधवारी रात्री पहिल्यांदा आलाय. गुरुवारपासून आजोबा कोरडे, दिवा रात्रभर चालू, केळी संपली, दाढी झाली. पाच रात्री येत होता तो. शेवटच्या रात्री सामान उचललं आणि गेला."

"असे कोणता चोर करतो?"

"तेच म्हणते मी." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे बघा ना काकू, घर निर्जन नव्हतंच. चोर राहत होता की!"

ही उठून आत गेली. मला त्यात विनोद दिसला नाही. मी म्हणालो, "चोर कुटुंबातला नाही, त्यामुळे तो कलमात बसत नाही. वडील बसतात."

"बसतात, पण समज असली तर. कलमात तसं आहे. त्यांना कळतं का?"

"सगळे कळते," मी म्हणालो. कळते असे म्हणणे भाग होते.

यावर मावशी मध्येच म्हणाल्या, "कळतं म्हणजे? बोलतात ते." आणि माझ्यासमोर सुतळी सोडून टॉवेल काढला. "एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. चार वर्षं झाली आमचं ठरून. टॉवेल बांधल्यापासून माझ्या तळहातावर वाजवतात."

चार वर्षे! माझ्याच घरात एक पद्धत चालू आहे आणि मला कोणी सांगितलेली नाही. मी मावशींना म्हणालो, सांगायला काय झाले होते? तर म्हणतात, "साहेब, तुम्ही कधी त्यांना काही विचारलंच नाही."

बाई खुर्ची ओढून नानांजवळ बसल्या. "आजोबा, आज मंगळवार आहे का?"

टक.

"मी पुरुष आहे का?"

टक, टक. नानांच्या ओठाचा एक कोपरा हलला. बाईही हसल्या.

"हे तुमचे चिरंजीव?"

थोड्या वेळाने, टक.

"चोरी झाली तेव्हा तुम्ही इथे होता?"

टक.

"आजोबा, या घरात तुम्ही राहता का?"

टक, टक.

"नीट ऐकू आलं ना? या घरात राहता का तुम्ही?"

टक, टक. दोन्ही ठोके सारख्या जोराचे, मध्ये अर्धा सेकंद. घाईत झालेली चूक नव्हती ती.

मी पुढे झालो. "नाना, अहो पाच वर्षे याच खोलीत आहात तुम्ही!" माझ्याकडे पाहत राहिले. बोट हलले नाही. मी काही प्रश्न विचारलाच नव्हता म्हणा.

बाईंनी जे झाले ते लिहून घेतले. पेनाचे टोपण लावताना म्हणाल्या, "काका, मी काय करू सांगा? राहणाराच नाही म्हणतोय."

बुधवार, १९ फेब्रुवारी

डॉक्टरांकडून दाखला आणावा, की त्यांची समज शाबूत नाही आणि ते 'नाही' धरू नये? तसा दाखला आला तर 'नाही' रद्द होते, पण मग ती समज असलेली व्यक्ती राहत नाही आणि कलम सात लागू होते. समज शाबूत आहे असा दाखला आणला तर ते 'नाही' कायम होते. म्हणजे शहाणे असले तर इथे राहत नाहीत, वेडे असले तर मोजायचे नाहीत. दोन्ही पारडी रिकामी.

बाईंनी फोनवर सांगितले, फेरपाहणीचा अर्ज एकदाच करता येतो. त्यांचे साहेब स्वतः येतील, तोच प्रश्न पुन्हा विचारतील. ६ मार्च.

हातात पंधरा दिवस आहेत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काटा चुकीचे वजन दाखवतो तेव्हा त्याला शिव्या घालून उपयोग नसतो. माहीत असलेले वजन ठेवायचे, तो काय दाखवतो ते पाहायचे, पेच फिरवायचा, पुन्हा ठेवायचे. बरोबर दाखवेपर्यंत.

सकाळी सात. मावशींना थांबायला सांगितले, दुधाचा पेला मी हातात घेतला. "नाना, या घरात तुम्ही राहता?" टक, टक. पेला मेजावर ठेवला. पाच मिनिटे घड्याळ लावून थांबलो. पुन्हा विचारले. टक, टक.

असे नऊ वेळा. पावणेआठला मला दुकानांच्या फेरीवर जायचे होते, म्हणून थांबवले.

ही पद्धत माझी नाही, नानांची आहे. मी सातवीत असताना पाढा चुकला की डबा टेबलावर ठेवून समोर उभे करायचे. "बरोबर आलं की जेव." एकदा संध्याकाळचे सहा वाजले होते. इतर पोरे केव्हाच घरी गेलेली, शिपाई वर्ग झाडत होता. मला एकोणीसचा पाढा आजही झोपेत येतो. म्हणजे पद्धत चालते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नऊ वेळा विचारले, नऊ वेळा दोन ठोके.

दुपारी हवालदार आला. पाहणीच्या बाईंकडून त्याला कळले होते की म्हाताऱ्याला उत्तरे देता येतात. आल्या आल्या मला म्हणाला, "काय हो, कोणी नव्हतं म्हणालात! साक्षीदार पलंगावर झोपवून ठेवलाय की." आणि स्वतःच हसला.

त्याच्याकडे सहा फोटो होते. एकेक नानांसमोर धरून विचारत गेला, "हा होता?" पहिल्या चारांना दोन दोन ठोके, सावकाश. पाचवा फोटो अजून पुरता समोर यायचा होता, तेवढ्यात टक, टक. सहाव्याला पुन्हा सावकाश दोन.

हवालदाराने पाचवा फोटो उलटा करून मागचे वाचले. चाळिशीचा माणूस, इस्पितळात रुग्ण उचलण्या-पुसण्याचे काम करायचा, औषधे विकताना सापडून कामावरून गेलेला. "पुन्हा विचारतो. हा होता का आजोबा?" टक, टक. "नक्की?" टक.

"साक्षीदारच नाही म्हणतो, मग आपण काय करणार," हवालदार म्हणाला. पण तो फोटो त्याने वेगळ्या खिशात ठेवला.

म्हणजे ज्याने घर फोडले त्याचा चेहरासुद्धा यांच्या लक्षात नाही. पाच रात्री समोर होता म्हणे! मेंदूचा हा भाग गेलेला असावा. पण मग मंगळवार बरोबर कसा सांगितला?

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रगती नाही. शनिवारी अकरा वेळा, काल चौदा. काल तर सातव्या वेळेनंतर उत्तर देणेच बंद केले. मी 'उत्तर नाही' असा तिसरा रकाना आखला.

मावशी आज भांडल्या. "साहेब, दूध गार झालं. माणूस आहे तो." मी म्हणालो, तुम्ही चार वर्षांत त्यांना 'नाही' म्हणायला शिकवलेत, आता दुरुस्ती मला करावी लागते आहे. उद्यापासून सकाळी यायची गरज नाही, संध्याकाळीच या. त्या म्हणाल्या, "सकाळचे पैसे कापा, पण दूध तरी मला पाजू द्या." पैशांचा प्रश्नच नाही. पद्धतीत दोन हात आले की पद्धत बिघडते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज सकाळी आठ वीसला, सतराव्या वेळेस, एक ठोका!

मी दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही. ताबडतोब पेला ओठांना लावला. सगळे दूध प्यायले, थोडे मानेवरून खाली गेले. वहीत लाल शाईने लिहिले.

ही दारात उभी होती. म्हणाली, "अहो, ते 'हो' नाही म्हणत आहेत. भूक लागली म्हणतायत."

"ठोका एकच होता."

"मला नको ती साखळी. बांगड्या नकोत. सोडा आता."

"प्रश्न साखळीचा नाही, कलमाचा आहे," मी म्हणालो. तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांडे खाली न ठेवता तशीच उभी राहिली. पाणी वाहत होते. बंद करायला मलाच जावे लागले.

शनिवार, १ मार्च

वीसपैकी बारा. धाकटीचा, म्हणजे माझ्या बहिणीचा फोन आला. हिनेच केला असणार. "दादा, नानांना माझ्याकडे पाठव. मी गाडी घेऊन येते."

मी म्हणालो, सहा तारखेनंतर बघू. आत्ता हलवले तर वास्तव्याचा मुद्दाच निघून जातो.

"वास्तव्य? दादा, ते वडील आहेत तुझे!"

नानांनी तिला बारावीपर्यंत शिकवले, वर कॉलेज, वसतिगृह. तिला सोपे आहे.

मंगळवार, ४ मार्च

वीसपैकी वीस. काल वीसपैकी एकोणीस होते. आता पेला दाखवावाही लागत नाही. मी खुर्ची ओढली की ठोका पडतो. वजन दोनशे ग्रॅमने कमी झाले असावे असा अंदाज. पलंगासकट तोलण्याइतका मोठा काटा घरात नाही, नाहीतर नक्की सांगता आले असते.

गुरुवार, ६ मार्च

पाहणीच्या बाई आणि त्यांचे साहेब साडेअकराला आले. मी नानांना पांढरा सदरा घातला होता. साहेबांना पुढे तीन ठिकाणी जायचे होते, ते बसलेही नाहीत.

"आजोबा, आपण या घरात राहता का?"

टक.

"झालं," साहेब म्हणाले.

बाई नानांच्या तोंडाकडे बघत होत्या. "सर, एक मिनिट. आजोबा, मला ओळखलंत ना? मी मागं आले होते. मी पुरुष आहे का?"

टक.

बाईंनी साहेबांकडे पाहिले. "सर, मागच्या वेळी दोन वाजवले होते. हसलेसुद्धा होते. आजोबा, मी पुरुष आहे?"

टक.

"अहो, पुरे झालं," साहेब म्हणाले. "प्रश्न एकच होता, उत्तर आलं. तुमच्याबद्दल कंपनीला काही विचारायचं नाही." आणि सही केली.

जाताना बाई दारात थांबल्या. आज 'काका' नाही म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही त्यांना?" असे विचारले.

"सराव," मी म्हणालो. तेच खरे आहे.

शनिवार, ८ मार्च

हवालदार पुन्हा आला. या वेळी एकच फोटो घेऊन, तो पाचवा. साक्षीदार बोलायला लागल्याचे त्याला कसे कळले विचारले, तर म्हणाला, "कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, म्हातारा आता सरळ उत्तरं देतो."

फोटो समोर धरला. "हा होता?"

टक.

हवालदार खूष. त्याने दुसऱ्या शिपायालाही आत बोलावून त्याच्यासमोर पुन्हा विचारले. टक. "दागिने यानेच नेले?" टक. नानांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले, दोन्ही बाजूंनी, कानांत जाईपर्यंत. झटक्याच्या रुग्णांना असे विनाकारण होते, मी वाचले आहे. संध्याकाळी मावशी आल्या. हिच्याकडून ऐकले आणि नानांजवळ बसून त्यांची बोटे स्वतःच्या मुठीत धरून ठेवली. ठोका पडूच नये अशी धरली होती.

त्याआधी, हवालदार निघाला तेव्हा हिने जिन्यापर्यंत जाऊन त्याला विचारले, "किती वर्षं होतील हो त्याला?"

"पहिलाही गुन्हा आहे त्याच्या नावावर. चार तरी. माल मिळायचा नाही, वितळवला असणार."

ही परत आत आल्यावर मी म्हणालो, चार वर्षे ऐकून बरे वाटले असेल तुला. ही उठली. उशी आणि पांघरूण उचलून नानांच्या खोलीत गेली. आता तिथेच झोपणार म्हणे.

शुक्रवार, १४ मार्च

मंजुरीचे पत्र आले. साखळी, बांगड्या, कॅमेरा, रेडिओ, फरशीचे चरे. वापरलेले ब्लेड तेवढे वगळले आहे. त्याबद्दल स्वतंत्र पत्र लिहीन.

हिच्यासमोर पत्र ठेवले. वाचले नाही. चष्मा नाही म्हणाली. चष्मा डोक्यावर होता.

रविवार, १६ मार्च

धाकटी उद्या नानांना न्यायला येते आहे. आता हरकत नाही, प्रकरण मिटले.

दुपारी ही आणि मावशी नानांचे कपडे भरण्यासाठी बॅग आणायला बाजारात गेल्या. घरात मी आणि नाना. खुर्ची ओढून बसलो. कधी काही विचारले नाही असे मावशी म्हणाल्या होत्या, तर विचारावे म्हटले.

"नाना, विम्याचे पैसे मिळाले. बरे झाले ना?" टक.

"मी केले ते बरोबर केले?" टक.

थोडा थांबलो. मग विचारले, "मला शाळेतून काढलेत ती तुमची चूक होती?"

टक.

पुन्हा विचारले. टक. "माझ्या डोक्यात भुसा नव्हता?" टक. चाळीस वर्षे या उत्तरासाठी थांबलो होतो. उठून खिडकीपाशी गेलो, डोळे पुसले, परत येऊन बसलो.

पण मी आयुष्यभर काटे तपासत आलो आहे. काटा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी शेवटी एकदा रिकाम्या पारड्याने पाहायचा असतो. काहीच ठेवलेले नसताना तो शून्य दाखवतो का? दाखवत नसेल, तर आधीच्या सगळ्या वजनांना काही अर्थ राहत नाही. म्हणून ज्याचे उत्तर 'नाही' यावाचून दुसरे असूच शकत नाही, असा एक प्रश्न शोधला.

"नाना, तुम्ही मेलेले आहात का?"

टक.

नखाकडे पाहत बसलो. तीन वाजून पाच ते तीन वाजून चाळीस. दुसरा ठोका आला नाही.